पाळी गेल्यावर हार्मोन घेतले की कॅन्सर होतोच? खुलासा

‘पाळी गेल्यावर हार्मोनची गोळी घेतली की स्तनाचा कॅन्सर ठरलेलाच’ असा मेसेज बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो खरा नाही.

या भीतीचं मूळ अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासात आहे. 2002 मध्ये त्यातला इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र देण्याचा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. आकडे मात्र नीट बघा: वर्षाला 10,000 जणींमागे, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 30 जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, हार्मोन घेणाऱ्यांत 38 जणींना. धोका वाढला, पण ‘ठरलेलाच’ कुठे? शिवाय त्या बायकांचं सरासरी वय होतं 63, म्हणजे नुकतीच पाळी गेलेल्या बायकांपेक्षा बरंच जास्त. गर्भपिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तर हा धोका वाढलेला दिसलाच नाही.

रात्री घामाने गाऊन भिजतो, झोप उडते, अशा पन्नाशीच्या बाईला केवळ या मेसेजपायी सहन करायला लावणं हा मला अन्याय वाटतो. इस्ट्रोजेन हाडांची झीजही रोखतं.

स्तनाचा कॅन्सर, रक्ताची गुठळी किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, तर मात्र ही गोळी सहसा देत नाहीत. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर थोडं जरी रक्त गेलं, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.