व्होल्टेज मोजून वाऱ्याचा वेग? रावपुऱ्यातल्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

आधी माझी चूक. सौर वारा म्हणजे सूर्याकडून सतत वाहत येणारे विद्युतभारित कण. त्यावरच्या मागच्या लेखात, सूर्याजवळ जाणाऱ्या नासाच्या पार्कर यानावरचा फॅरेडे कप (हे कण पकडून त्यांचा करंट मोजणारं उपकरण) ‘ढालीच्या सावलीत सुरक्षित बसलेला’ असतो असं मी लिहिलं होतं. ते साफ चुकलं. यानावरची बहुतेक उपकरणं उष्णता अडवणाऱ्या ढालीच्या सावलीत आहेत, हा कप मात्र ढालीच्या कडेबाहेरून थेट सूर्याकडे बघतो. म्हणून तर त्याच्या जाळ्या टंगस्टनच्या आहेत आणि वायरी नायोबियमच्या, त्याही नीलमच्या नळ्यांतून नेलेल्या. साधं प्लास्टिकचं इन्सुलेशन तिथे क्षणभरही टिकलं नसतं. पकडलंत, आभार.

आता बाकीचं भांडण. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो, काकांचे आक्षेप तीन. सौर वाऱ्याचं एक लाख अंश तापमान मोजणारा थर्मामीटर वितळत कसा नाही? घन सेंटीमीटरला पाचेक कण, त्याला वारा कसं म्हणायचं? आणि मुख्य म्हणजे, ‘यंत्र मोजतं व्होल्टेज आणि तुम्ही सांगता वेग. चाळीस वर्षं स्विचगियरमध्ये काढली, मीटर काय दाखवतो आणि माणसं काय वाचतात ते मला शिकवू नका.’

थर्मामीटरचं लवकर उरकतो, कारण तो नाहीच. सगळे कण साधारण सेकंदाला 400 किलोमीटरने येतात, पण कुणी 360 ने, कुणी 440 ने. ही जी वेगांतली पांगापांग आहे, तिलाच इथे तापमान म्हणतात. कुठल्या वेगाचे कण किती, याच्या आलेखातला उंचवटा जितका रुंद तितकं तापमान जास्त. यान तापतं ते उन्हाने. एवढे विरळ कण काय तापवणार? दिवाळीत फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात, भाजतं का?

पाच कणांचं मात्र तुम्ही अर्धंच गणित केलंत. कण पाच, पण वेग धरा. दर सेकंदाला एका चौरस सेंटीमीटरवर 20 कोटी प्रोटॉन (या वाऱ्यातले बहुतेक धनभारित कण हेच) येऊन आदळतात. आणि तरीही त्यांचा करंट भरतो जेमतेम 32 पिकोअँपिअर (एक पिकोअँपिअर म्हणजे अँपिअरचा एक लाख कोटीवा भाग). तुम्ही अँपिअर नि किलोअँपिअरमधले, तुम्हाला हसू येईल. मी नोकरीच्या सुरुवातीला एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत असले करंट मोजायचो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत टेरिलीनचा शर्ट घातलेलं कुणी टेबलाजवळून नुसतं गेलं तरी इलेक्ट्रोमीटरचा काटा पळायचा. शेवटी आमच्या सरांनी फर्मान काढलं, प्रयोगाच्या दिवशी सुती शर्ट. वर अंतराळात ऊन स्वतःच धातूतून इलेक्ट्रॉन उडवतं, म्हणजे गोंधळ आणखी.

मग एवढासा करंट ओळखायचा कसा? आमच्या दांडिया बाजारातल्या घरात मागे रात्री एक बारीक घूं-घूं यायची. फ्रिज म्हणावा तर तसा नाही. बायकोने अंधारात एकेक बटण चालू-बंद करत नेलं. माजघरातल्या पंख्याच्या बटणाबरोबर आवाज जायचा-यायचा, सापडला चोर. फॅरेडे कपात हेच चालतं. तोंडाशी एक जाळी, तिच्यावर धन व्होल्टेज, आणि ते व्होल्टेज दोन आकड्यांमध्ये सारखं वरखाली हलवायचं. त्या पट्ट्यातली ऊर्जा असलेले प्रोटॉन क्षणात अडतात, क्षणात सुटतात, आणि त्यांचा करंट त्याच तालावर हलतो. उन्हाला आपलं बटण ठाऊक नाही, त्यामुळे उन्हाचा करंट तसाच सरळ राहतो. तालावर हलतो तेवढाच मोजायचा.

आता तुमचा मुख्य मुद्दा. 400 किलोमीटर वेगाचा प्रोटॉन थांबवायला किती व्होल्ट लागतात? सुमारे 835. तुमच्या थ्री-फेजच्या 415 ची दुप्पट. 800 किलोमीटरवाल्याला 3.3 केव्ही, तुमच्या मोठ्या मोटारींना लागतं तेवढं. इतक्या व्होल्टला अडला म्हणजे इतकी ऊर्जा, आणि प्रोटॉनचं वस्तुमान माहीत असल्याने इतका वेग. यात कुणाच्या मर्जीचं काही नाही.

‘पण प्रोटॉनच कशावरून?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, विचारायला हवं होतं. खरी कमकुवत जागा तीच आहे. व्होल्टेजने कळते ती ऊर्जा भागिले विद्युतभार, वस्तुमान नाही. पण मोठ्या उंचवट्यापुढे साधारण दुप्पट व्होल्टला एक छोटा उंचवटा दिसतो. 1962 मध्ये मरिनर 2 यानालाही दिसला होता. हेलियमचं केंद्रक प्रोटॉनच्या चौपट जड, भार दुप्पट. दोघे एकाच वेगाने वाहत असतील तर ते दुप्पट व्होल्टलाच अडणार. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या आदित्य एल1 यानावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने केलेलं स्विस नावाचं उपकरण आहे. त्याच्या दोन भागांपैकी एकात तर प्रोटॉन आणि हेलियम वेगळे करायला चुंबकच बसवलाय.

तरीही हा हिशोबाचाच खेळ वाटत असेल तर व्होल्टेज सोडा, घड्याळ घ्या. आदित्य आपल्यापासून 15 लाख किलोमीटर सूर्याच्या बाजूला आहे. सूर्याकडून सेकंदाला 700 किलोमीटरने येणारा झटका आदित्यला ओलांडून पुढे निघाला की 35-36 मिनिटांत पृथ्वीपाशी पोचायला हवा. आणि त्या सुमाराला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणारे अलिबागच्या वेधशाळेतले चुंबकमापक खरोखरच एकदम उडी घेतात. ही वेधशाळा मुंबईतून अलिबागला गेली तीच मुळी मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून, ट्रामच्या करंटने सुया हलल्या असत्या. अलिबागच्या चुंबकाला वरच्या कपाचं व्होल्टेज कुणी कळवलेलं नसतं.

सावलीचं वाक्य काल रात्रीच बदललंय. ‘वारा’ मात्र तसाच ठेवतोय.