चारही नोझल बदलण्याआधी सतराचा पाना घ्या

गेल्या महिनाभरात एकच ऑडिओ क्लिप मला पाच जणांनी पाठवली. कांदा-टोमॅटो वाहणाऱ्या ड्रायव्हर मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर ती फिरते आहे. बोलणारा छातीठोकपणे सांगतो: जुनी डिझेल पिकअप आयडलिंगला (उभ्या जागी, अॅक्सिलरेटर न दाबता) थरथरायला लागली, मिसिंग मारायला लागली, म्हणजे एखादा सिलिंडर पेट घेईनासा झाला, की आधी चारही नोझल (सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारे भाग) बदला. फरक पडला नाही तर टाकीत दोन लिटर रॉकेल ओता. काळा धूर असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, हाफ इंजिनची (इंजिन उघडून रिंगा वगैरे बदलायच्या मोठ्या कामाची) तयारी ठेवा. तोवर आयडल वाढवून गाडी चालवा. सीआरडीआय (कॉम्प्युटरवर चालणारी कॉमन रेल डिझेल) असेल तर स्कॅनर लावा, तो सगळं सांगतो. आणि जाता जाता, एअर फिल्टर बदला. जुन्या पिकअपच्या बॉनेटखाली माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

चारही नोझल बदला. का? चार माणसांच्या घरात एकाला ताप आला तर चौघांना सुई टोचतो का आपण? मिसिंग बहुतेक वेळा एका सिलिंडरचं असतं, आणि ते कोणतं हे शोधायला पैसा लागत नाही. मेकॅनिकल पंपाची गाडी असेल तर इंजिन गरम करा, आयडलला ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपाचा नट सतराच्या पान्याने (काही गाड्यांत एकोणीसचा लागतो) अर्धा फेरा सैल करा. डिझेल बाहेर झिरपेल, त्या सिलिंडरचं फायरिंग बंद होईल आणि इंजिन दबेल. तो नट आवळून पुढचा घ्या. जो नट सैल केल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे.

आता त्या सिलिंडरची नोझल काढून शेजारच्या सिलिंडरला लावा. खाली तांब्याचे नवे वायसर टाका, जुनेच वापरलेत तर दुसरंच दुखणं उभं राहील. मिसिंग नोझलबरोबर शेजारी गेलं तर नोझल दोषी. तरीही ती थेट भंगारात टाकू नका. डिझेल लॅबमध्ये हातपंपाच्या स्टँडवर नोझल किती प्रेशरला उघडते आणि फवारा मारते की थेंब गाळते, हे डोळ्यांसमोर दिसतं. मिसिंग जागेवरच राहिलं तर मात्र नोझल निर्दोष. मग टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) वरचं कव्हर उघडा. टॅपेट घट्ट झालं असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि सिलिंडर मरतो. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून अर्ध्या तासात होणाऱ्या या कामासाठी हेड उतरवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

पण ही पाइप सैल करायची युक्ती सीआरडीआय गाडीवर चुकूनही करू नका. तिथे रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) हजार बारच्या वरचं प्रेशर जाऊ शकतं. ती धार कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि आतून हात सडतो. अशा गाडीत थंड इंजिन सुरू करून थोड्या वेळाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या चारही तोंडांचं तापमान तापमापक गनने बघा. मेलेल्या सिलिंडरचं तोंड इतरांपेक्षा थंड राहतं.

आणि मिसिंग कुठल्याच एका सिलिंडरचं नसेल, इंजिन कधी दबतंय, कधी आपोआप उठतंय, असं असेल तर? तर बहुधा गाडी एअर घेते आहे, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरते आहे. एका टोमॅटोवाल्या शेतकऱ्याची पिकअप माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चारही नोझल नुकत्याच बदललेल्या होत्या, तरी घाटात दम तोडायची. गंमत अशी की टाकी भरलेली असली की गाडी ठणठणीत, अर्ध्याखाली आली की नखरे सुरू. पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा जोडला तर आत बुडबुड्यांची माळ. टाकीजवळच्या रबरी होजला केसाएवढी चीर होती. टाकी खाली गेली की पंपाला जास्त ओढावं लागतं आणि चिरेतून हवा आत येते. डिझेल बाहेर गळत नसल्याने ती कुणाला दिसलीच नव्हती. खात्री करायची दुसरी रीत: टाकीची लाइन सोडून डिझेलच्या कॅनमधून थेट पंपाला पुरवठा द्या. कॅनवर इंजिन सरळ चाललं तर दोष टाकी ते पंप या रस्त्यात आहे. होज, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) वायसर, हॅण्ड प्रायमर (हाताने डिझेल ओढायचा छोटा पंप), फिल्टरचं पॅकिंग एकेक करून बघा. इंजिनाला हात लावायचं कारणच उरत नाही.

रॉकेलचं म्हणाल तर गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायला ते वापरतात, तिथून हा समज आला असावा. भांड्यातला पार्ट धुणं वेगळं आणि चालू पंपात ओतणं वेगळं. पंप आणि नोझल यांना वंगण डिझेलचंच मिळतं. रॉकेल डिझेलपेक्षा बरंच पातळ, त्यामुळे पंपाचे बारीक घासलेले भाग कोरडे चालतात. नोझलच्या टोकावरचा कडक कार्बन त्याने निघतच नाही. सीआरडीआय पंपात तर झिजेचा चुरा पुढे इंजेक्टरपर्यंत जातो आणि बिल कुठल्या कुठे जातं. शिवाय डिझेलमध्ये रॉकेलची भेसळ हा गुन्हा आहे, हे क्लिपमध्ये कुणी बोलत नाही.

काळा धूर म्हणजे रिंगा, हे तर सरळ उलटं आहे. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. ऑइल जळलं की धूर निळसर येतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा किंवा पाण्याचा. सकाळी दोन मिनिटं येऊन थांबला आणि थरथरही तेवढीच राहिली, तर हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा) असलेल्या गाडीत आधी प्लग तपासा. रिंगांचा संशय असेल तर आयडलला ऑइल भरायचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. झाकण टणाटण उडायला लागलं, आतून भकाभक वाफ आली, तर गाडी बॅक मारते आहे, म्हणजे सिलिंडरमधला गॅस रिंगांवरून खाली निसटतो आहे. तेव्हाही कॉम्प्रेशन मोजूनच हाफ इंजिनाचं बोला, आणि गेज डिझेलचाच घ्या.

आयडल वाढवल्याने थरथर झाकली जाते, एवढंच. मात्र एक्झॉस्टचा ठोका एकसारखा असून फक्त केबिन हलत असेल तर मिसिंग नाहीच, इंजिन माउंटिंगचं रबर बसलंय.

स्कॅनर कोड दाखवतो, कारण नाही. पी००८७ म्हणजे रेल प्रेशर कमी. त्यावरून लोक पंप बदलायला निघतात, आणि पुष्कळदा तुंबलेला डिझेल फिल्टर बदलला की काम संपतं.

राहिला एअर फिल्टर. क्लिपमधला एवढा एक सल्ला मला मान्य आहे. धुळीच्या रस्त्याने शेतमाल वाहणाऱ्या गाडीचा तो वेळेवर बदलायलाच हवा. फक्त तुंबलेल्या एअर फिल्टरने चारही सिलिंडर सारखेच गुदमरतात. गाडी काळा धूर काढते, लोड घेत नाही, पण मिसिंग मारत नाही.