अणुकचरा सूर्यात टाकण्याचा सोपा उपाय? हिशेब करून बघा

‘अणुकचरा रॉकेटमध्ये भरा, सूर्याकडे सोडा, जळून खाक. आता रॉकेटंही स्वस्त झालीत, मग अडलंय कुठे?’ असा मजकूर फिरतोय. अडलंय ते सांगतो.

‘सूर्य आपोआप ओढून घेईल.’ घेत नाही. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते आणि इथून सुटलेल्या यानालाही तो वेग फुकटात मिळतो. सूर्यात पडायचं तर तो जवळजवळ सगळा मारावा लागतो, नाहीतर यान नुसतं सूर्याभोवती फिरत राहतं. सूर्यमालेबाहेर पडायला मात्र त्यात सेकंदाला साधारण १२ किलोमीटरची भर घातली की पुरे. म्हणजे कचरा ताऱ्यांकडे भिरकावणं त्या मानाने सोपं! २०१८ साली सूर्याच्या अभ्यासासाठी सुटलेलं नासाचं पार्कर यान जेमतेम ७०० किलोचं. त्याच्यासाठी डेल्टा ४ हेवीसारखं दांडगं रॉकेट लागलं, शिवाय वेग कमी करायला शुक्राजवळून सात फेऱ्या.

‘रॉकेटं स्वस्त झालीत.’ झालीत, पण माल किती आहे? जगभरच्या अणुभट्ट्यांतून आजवर सुमारे चार लाख टन वापरलेलं इंधन बाहेर पडलंय. त्याला किरणोत्सार अडवणारं जाड कवच लागतं, आणि त्याचं वजन आतल्या मालाच्या कित्येक पट भरतं. पुनर्प्रक्रिया करून फक्त जहाल भाग वेगळा काढला तर वजन खूप उतरतं, हे मान्य. नासाने १९७०च्या दशकात या कल्पनेचा अभ्यासही केला होता.

पण खरी मेख पुढेच आहे. ‘एखादं रॉकेट फसलं तर फसलं.’ १९६४ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. त्यातलं, वीज पुरवायला ठेवलेलं सुमारे एक किलो किरणोत्सारी प्लुटोनियम-२३८ वातावरणात जळून जगभर पसरलं. १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉसमॉस ९५४ उत्तर कॅनडावर कोसळला. ऐन हिवाळ्यात शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात तुकडे शोधावे लागले आणि इंधनाचा अगदी किरकोळ भाग हाती लागला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले, मॉस्कोने ३० लाख देऊन मिटवलं. ही किलोंची गोष्ट झाली. इथे टनांचं बोलणं चाललंय.

‘जमिनीत पुरणं त्याहून घातक.’ फिनलंडमध्ये ऑन्कालो इथे ४०० मीटरहून खोल, प्राचीन खडकात जागा कोरली आहे. इंधन तांब्याच्या डब्यात आणि भोवती बेंटोनाइट चिकणमाती. ती पाण्याने फुगते आणि फटी बुजवते. तिथे डबा फुटलाच, तरी आतला माल खडकातून अतिशय सावकाश झिरपणार. फुटलेल्या रॉकेटमधला काही मिनिटांत वाऱ्यावर जातो.