सुखलोक हे गरिबाला दाखवलेले आमिष आहे काय?

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती आशेवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. मेल्यानंतरची बाग दाखवून चर्चने गरिबाला आज गप्प बसवले, हा पहिला. आणि नद्या व फळझाडांनी भरलेला तो सुखलोक हे रखरखीत मुलखातल्या माणसांचे स्वप्नरंजन असून, नळाच्या पाण्याची दिवसेंदिवस वाट पाहणाऱ्या सोलापूरकराला ते गोड वाटावे यात नवल नाही, हा दुसरा. टोमणा झकास आहे. पण वजन पहिल्या आक्षेपात असल्याने त्याविषयीच विस्ताराने लिहितो.

असा वापर झाला, हे इतिहास नाकारू देत नाही. अमेरिकेत मालकांच्या मर्जीतले उपदेशक गुलामांना आज्ञाधारकपणा शिकवीत आणि त्याचे फळ परलोकात मिळेल असे सांगत. मात्र १८३८ मध्ये गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी असेही नोंदवले आहे की, आपण कनान देशाला, म्हणजे बायबलमध्ये देवाने आपल्या लोकांना देऊ केलेल्या देशाला, निघालो आहोत असे भजन ते व त्यांचे सोबती गात, तेव्हा त्यांच्या मनात उत्तरेकडची मुक्त राज्ये असत. गप्प बसवण्यासाठी दिलेली आशा पळून जाण्याचा बेत करणाऱ्यांच्या तोंडी गेली, याचा उलगडा आपल्या आक्षेपातून होत नाही.

तो बायबलमध्ये होतो. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६५व्या अध्यायात नव्या आकाशाचे व नव्या पृथ्वीचे वचन येते आणि लगेच म्हटले आहे की, लोक घरे बांधतील व स्वतःच त्यांत राहतील, द्राक्षमळे लावतील व त्यांचे फळ स्वतःच खातील. बांधायचे एकाने आणि राहायचे दुसऱ्याने, असे तेथे होणार नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या द्राक्षबागेत मांडवाखाली मान वर करून, हात उंचावून, कात्रीने घडातले मणी विरळ करणाऱ्या बाईला हे वचन वाचून दाखवा. तिच्या मजुरीबद्दल बोलणे चालले आहे, हे तिला समजावून सांगावे लागणार नाही. ज्या वचनात आजच्या अन्यायाचे नाव घेतलेले आहे, ते अन्याय सोसायला कसे शिकवील?

शिवाय, पृथ्वी सोडून कायमचे निघून जाणे ही ख्रिस्ती आशेची अखेर नव्हे. प्रेषितांचा मतांगीकार या ख्रिस्ती श्रद्धेच्या जुन्या जाहीरनाम्यात विश्वासणाऱ्यासाठी देहाचे पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन यांचा उच्चार आहे. प्रकटीकरण या बायबलातील अखेरच्या पुस्तकाच्या शेवटी पवित्र नगरीच स्वर्गातून खाली उतरते. तिच्यात नदी आहे, उत्पत्तीच्या पुस्तकात माणसाला बंद झालेले जीवनाचे झाड आहे आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. आपल्या दुसऱ्या आक्षेपाला एवढेच उत्तर पुरे: पाण्याची किंमत तहानलेल्यालाच कळते, म्हणून पाणी खोटे ठरत नाही.

सुखलोक ही सद्वर्तनासाठी दिलेली लाच आहे, असेही आपण ओघात म्हटले आहे. लूकच्या शुभवर्तमानात ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे शब्द येशूने शेजारच्या वधस्तंभावरील गुन्हेगाराला उद्देशून म्हटले. त्याच्याजवळ सद्वर्तनाची शिल्लक नव्हती आणि ती जमवायला वेळही उरला नव्हता.

राहिला पुराव्याचा प्रश्न. प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला स्पष्ट लिहिले आहे की, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. तेव्हा घाव घालायचाच असेल तर तो बागेच्या वर्णनावर न घालता येशूची कबर रिकामी आढळल्याच्या साक्षीवर घालावा. त्या साक्षीवर आपण सविस्तर लिहिलेत, तर मीही तितक्याच सविस्तरपणे उत्तर देईन.