नकाशावर ठिपका नाही म्हणजे वणवा नाही?

एक निरोप सगळीकडे फिरतो आहे: ‘आता उपग्रह प्रत्येक वणवा लागताक्षणी पकडतात. मोबाइलवर नकाशा उघडा. लाल ठिपका नसेल तर आग नाही, असेल तर तेवढं जंगल जळालं. डोंगरावर पहारा ठेवायची गरज उरलेली नाही.’ मला खरी भीती शेवटच्या वाक्याची वाटते. पण ते आधीच्या तीन चुकांवर उभं आहे, म्हणून आधी त्या बघू.

‘लागताक्षणी पकडतात.’ या नकाशांवरचे बरेचसे ठिपके ‘व्हिअर्स’ या जमिनीची धग टिपणाऱ्या उपकरणाचे असतात. ते सुओमी एनपीपी, नोआ-२० आणि नोआ-२१ या उपग्रहांवर बसवलेलं आहे. तीन उपग्रह म्हटल्यावर दर काही तासांनी एखादा डोक्यावरून जात असेल असं वाटतं. तसं होत नाही. तिघंही स्थानिक वेळेनुसार दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपासच येतात. संध्याकाळी चार वाजता वारा सुटला आणि आग पेटली, तर त्यांची पुढची नजर पडेल ती मध्यरात्र उलटल्यावर. पुढे ती माहिती जमिनीवर उतरायची, तपासली जायची आणि मग नकाशावर चढायची. नासाच्या ‘फर्म्स’ या आगींचे नकाशे देणाऱ्या सेवेत जगभरासाठी याला ३ तासांपर्यंत लागू शकतात. तेवढ्या वेळात वणवा डोंगराची दुसरी बाजू गाठतो.

यावर कुणी भूस्थिर, म्हणजे पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणाऱ्या उपग्रहांचं नाव घेईल. गोज, हिमावारी यांसारखे उपग्रह दर १० मिनिटांनी तोच भाग टिपतात, हे खरंच. पण ते ३५,७८६ किलोमीटरवर आहेत आणि त्यांच्या उष्णतेच्या चित्रातला सर्वांत लहान तुकडा, म्हणजे एक चौकोन, किमान २ किलोमीटर बाजूचा, म्हणजे ४०० हेक्टरांचा असतो. नुकती लागलेली आग त्यात विरून जाते.

‘ठिपका नाही म्हणजे आग नाही.’ उपग्रहाला ज्वाळा दिसत नाहीत, त्याला चौकोनाची सरासरी धग कळते. साधारण ७२७ अंश सेल्सियसची ज्वाळा २७ अंशांच्या जमिनीपेक्षा ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या किरणांत चार हजारांहून जास्त पट प्रखर असते. ११ मायक्रॉनवर हाच फरक जेमतेम तीसपट भरतो. म्हणून दोन्ही लांबींवर मोजून, शेजारच्या चौकोनांशी ताडून आग ठरवली जाते. चौकोनाचा अगदी लहानसा तुकडा पेटला तरी ती सापडू शकते, आणि या युक्तीचं मला मनापासून कौतुक आहे. पण वर ढग असले की सगळं संपलं. धूर त्या मानाने कमी आड येतो. दाट झाडीखाली पालापाचोळ्यातून सरपटणारी आग, खोल दरीतली आग, दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली आग, यांतलं बरंच निसटतं.

‘असेल तर तेवढं जंगल जळालं.’ व्हिअर्सचा चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टर. ठिपका त्याच्या मध्यावर काढतात, आग कोपऱ्यातही असू शकते. उन्हाने तापलेला उघडा खडक, पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन, तेलविहिरीवर जाळला जाणारा वायू यांचेही ठिपके उमटतात. जळालेलं क्षेत्र वेगळ्या पद्धतीने, आगीआधीच्या आणि नंतरच्या चित्रांची तुलना करून मोजतात.

आता तो पहारा. माणूस फिरकत नाही अशा जंगलात उपग्रहाशिवाय दुसरा डोळा नाही, ते काम त्याने करतच राहावं. पण जिथे वस्ती आहे, टेहळणीचा मनोरा आहे, तिथे धुराची पहिली रेघ माणसाला त्या पुढच्या फेरीच्या कितीतरी आधी दिसू शकते. धूर दिसला तर नकाशा उघडून खात्री करत बसू नका, आधी अग्निशमन दलाला किंवा वनखात्याला फोन करा. आणि नकाशा बघालच तेव्हा ठिपक्याची वेळही वाचा. ती बहुतेकदा जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि उपग्रह वरून गेला तेव्हाची असते. आग त्यानंतर कुठवर पोचली, हे त्या ठिपक्यात नसतं.