हिरवा नाही हो, पिवळाच आहे तो

खाऱ्या पाण्याचा नवा टँक लावल्याबद्दल अभिनंदन. मीठ विरघळलं, दगड रचून झाले, वाळू खाली बसली, पंप घुमायला लागले. मासे सोडायचे तेवढे राहिलेत, आणि नेमका तिथे माशांना विषारी असलेला अमोनिया आडवा आलाय. जाणकार म्हणवणारे लोक सांगतील, थांबा. आधी दगडांवर जिवाणू वाढू द्या. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतील, मग दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतील, या चक्राला, म्हणजे ‘सायकल’ला, चार ते सहा आठवडे लागतात, तोवर टँक रिकामा ठेवा. हे लोक मुळातच निराशावादी. ही दोन टप्प्यांची कामं दोन वेगवेगळे जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं, आणि तेव्हापासून त्या जिवाणूंनी आपला वेग काही वाढवलेला नाही. अर्थात, तुमच्याइतकी घाई असलेला मालक त्यांना आजवर भेटला नसेल.

तेव्हा कामाला लागू. अमोनिया मोजायला टेस्ट किट असतं: नळीतल्या पाण्यात थेंब टाकायचे आणि आलेला रंग सोबतच्या कार्डाशी ताडायचा. पिवळा म्हणजे शून्य, हिरवा म्हणजे अमोनिया आहे. पहिली गोष्ट, टेस्ट किटमधलं माहितीपत्रक वाचायचं नाही. त्यात थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा, नळीला झाकण लावून हलवा, पाच मिनिटं थांबा, असल्या जाचक अटी असतात. बाटली तिरकी धरा, म्हणजे प्रत्येक थेंब आपापल्या मर्जीने लहानमोठा पडेल. झाकणाऐवजी अंगठा लावा. हाताला काच पुसायच्या फवाऱ्याचा थोडा अंश राहिला असेल तर फारच छान, कारण त्यातल्या काहींमध्ये अमोनियाच असतो. नळी शेवटी नळाच्या पाण्याने विसळून ठेवा. त्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियापासून बनलेलं जंतुनाशक) असेल तर पुढच्या टेस्टला तुमच्या टँकचा काहीही हात नसताना थोडा रंग चढेल. पाच मिनिटांच्या जागी एक मिनिट पुरे. आधी पाहिलं तर रंग फिकट दिसतो, आणि आपल्याला फिकटच हवाय.

रंग कुठल्या उजेडात बघायचा हा प्रश्न मात्र नीट विचार करून सोडवा. पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात नळी धरली की जे असेल तेच दिसतं, आणि मग पुढे बोलायला जागा उरत नाही. टँकवरच्या निळ्या दिव्याखाली पिवळंही हिरवट दिसतं. पिवळ्या बल्बखाली हिरवंही पिवळट. मासे आणायला जायचं ठरलेल्या दिवशी बल्ब लावा. खर्चाला घरातून विरोध असेल त्या दिवशी निळा दिवा बरा.

तरीही मन साशंक असेल तर घरातल्या सगळ्यांना बोलवा.

“हा रंग कुठला दिसतोय?”

“पोपटी.”

“कार्डावर पोपटी नाहीये. पिवळा का हिरवा, तेवढं सांग.”

“मग लिंबू कलर.”

“म्हणजे पिवळा ना?”

“कच्चं लिंबू.”

इथे चर्चा थांबवून बहुमत घ्यावं.

आता त्या सुप्रसिद्ध ०.२५ पीपीएमकडे (दर दहा लाख भागांत पाव भाग अमोनिया) येऊ. कार्डावर शून्याच्या शेजारचा हा चौकोन एवढा सारखा दिसतो की त्याच्यावरून लोकांनी रात्री जागवल्यात. याचा निकाल लावायचा एक रटाळ मार्ग आहे. खात्रीच्या शुद्ध आरओ पाण्याची तीच टेस्ट करायची, मग त्याच पाण्यात नुकतंच कालवलेल्या ताज्या मिठाच्या पाण्याची करायची, आणि टँकच्या पाण्याची नळी धरून तिन्ही नळ्या शेजारी ठेवायच्या. तिन्हींत तीच पोपटी झाक आली तर ती किटची किंवा तुमच्या डोळ्यांची. शुद्ध पाणी पिवळं आणि मिठाचं पाणी हिरवट आलं तर शंका मिठावर घ्यायची, कारण काही मिठांमध्ये अमोनियाचा किंचित अंश असतोच. तिन्हींपैकी एकटा टँकच हिरवा आला तर मात्र तिथे खरंच काहीतरी आहे, बहुधा दगडामागे मेलेली एखादी गोगलगाय. असली तुलना करू नका. उत्तर मिळालं की छंदातली निम्मी मजा जाते.

दुसरं किट आणून दोघांची भांडणं लावणं जास्त रंगतदार. एक किट अख्खा अमोनिया मोजतं, दुसरं त्यातलं नुसतं नायट्रोजन, त्यामुळे एकाच पाण्यात एक १.२ म्हणतं आणि दुसरं १. दोघंही खरं बोलत असतात. तुम्ही दोघांनाही खोटं ठरवा.

आकडा वाढूनही काळजी वाटत नसेल तर त्याचं श्रेय तुमच्या गोड्या पाण्यातल्या अनुभवाला. गोल्डफिशच्या टँकमध्ये १ पीपीएम असतानाही काही झालं नव्हतं, हे वाक्य जपून ठेवा आणि प्रत्येकाला ऐकवा. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, आणि माशाचे कल्ले जाळतो तो त्यातला मोकळा अमोनिया. घरगुती थेंबांचं किट दोन्हींची बेरीज दाखवतं. सात पीएचच्या गोड्या पाण्यात मोकळा भाग एक टक्क्याच्याही खाली राहतो. पीएच एकाने चढला की तो जवळजवळ दहापट होतो, आणि समुद्राचं पाणी असतं ८.२ च्या आसपास. म्हणजे कार्डावरचा चौकोन तोच, पण आतला मासा वेगळ्याच पाण्यात उभा. पण अनुभवापुढे रसायनशास्त्राची काय कथा!

यानंतर औषधपाणी. अमोनिया ‘बांधणाऱ्या’ बाटल्या मिळतात, त्यातली एक ओता. बांधलेला अमोनियाही थेंबांच्या किटला दिसत राहतो, त्यामुळे आकडा हलणार नाही. मग परत ओता. तुमचं किट जुन्या पद्धतीचं, पिवळ्यावरून तपकिरीकडे जाणारं असेल तर बाटलीनंतर ते काय वाटेल ते सांगेल, म्हणून तिसऱ्यांदा ओता. मासाच नसलेल्या टँकमध्ये आपण अमोनियापासून नेमकं कोणाला वाचवतोय, हे कोणी विचारलं तर त्याला हा छंद कळत नाही. अमोनिया शोषणारे झिओलाइटचे खडेही टाका. खाऱ्या पाण्यातलं सोडियम त्यांच्या जागा आधीच अडवून बसतं, त्यामुळे ते निवांत पडून राहतील. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच, फक्त इथे बंब पैसे घेऊन येतो.

आकडा वाढतच नाही, अशी तक्रार करणारेही असतात, आणि त्यांचं मला विशेष कौतुक आहे. कोरडे दगड, धुतलेली वाळू, शुद्ध पाणी, आत खाऊ नाही की घाण नाही. दोन आठवडे रोज टेस्ट, रोज शून्य. नायट्राइट शून्य, नायट्रेटही शून्य. अशा वेळी ताबडतोब ‘सायकल पूर्ण’ जाहीर करून टाका. नायट्रेट कुठे गेलं असं विचारणाऱ्याला सांगा, माझं फिल्टरच तसं आहे. खरं तर सायकल पूर्ण झाली की नाही हे बघायला अमोनियम क्लोराइड मोजून घालतात आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत नेतात. चोवीस तासांत अमोनिया नाहीसा झाला, नायट्राइटही उरलं नाही आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं, की झालं. पण या परीक्षेत नापास होता येतं. नुसतं जाहीर करण्यात नापास होता येत नाही.

मोजून घालायचंच ठरवलंत तर काचेच्या मापाने हिशेब करा. सेंटिमीटरमधली लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले हजार, झाले लिटर. दगड आणि वाळू जागा खातात, पाणी वरच्या कडेपर्यंत नसतं, हे विसरा, म्हणजे डोस आपोआप वाढीव पडेल. वर एक मेलेली कोळंबीही टाका, आणि तिला वास सुटला की जोडीला दुसरी. अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला की ज्या जिवाणूंसाठी हा सगळा थाट मांडला तेच मंदावतात, आणि नळी एवढी गडद होते की कार्डावर तिला जोडच सापडत नाही. नमुन्यात तेवढंच, अमोनिया शून्य असलेलं पाणी मिसळून आलेला आकडा दुप्पट करता येतो. तुम्ही मात्र कार्डावरचा शेवटचा आकडा ‘चार’ लिहा आणि रोज ‘चार’च आहे म्हणून रडा. वरून खाली येणारा आकडा कार्डाच्या टोकाला पोचेपर्यंत आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात करायच्या उपायांचीच यादी मोठी आहे.

बाटलीतले जिवाणू ओता आणि जिवाणू मारणारा यूव्ही दिवा चालूच ठेवा. आकडा हलला नाही तर कंपनीला शिव्या घाला. पाणी रोज बदला. जिवाणू पाण्यात नव्हे, दगडावाळूवर चिकटून बसतात, म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण त्यांचं ताट मात्र दर वेळी उचललं जातं. तरीही टिकलेच तर दगड आणि फिल्टरचा स्पंज नळाच्या क्लोरीनवाल्या धारेखाली खसखसून धुवा. तपकिरी थर आला होता ना, तो काढायलाच हवा. दिसायला कसं स्वच्छ हवं.

मधल्या काळात नायट्राइट वर जाईल. समुद्राच्या पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे ते माशांच्या अंगात फारसं शिरत नाही, गोड्या पाण्यातली त्याची दहशत इथे लागू नाही. म्हणून भीती नेमकी त्याचीच घ्या. ते चढलेलं असताना नायट्रेटच्या टेस्टवरही विश्वास टाका, कारण नायट्राइट त्या नळीला फसवून आकडा फुगवतं. फुगलेल्या आकड्याकडे बोट दाखवून सायकल संपली म्हणता येतं.

आणि एवढं करूनही धीर सुटलाच, तर जुना खात्रीचा उपाय आहेच. एक डॅमसेल सोडा. मासा काटक, त्याच्या जिवावर टँक सायकल होतो. तो वर येऊन भराभर कल्ले हलवायला लागला तर तो तुम्हाला ओळखायला लागलाय असं पाहुण्यांना सांगा. बरेचदा तो जगतोही. जगला की सगळे दगड त्याच्या मालकीचे होतात, आणि नंतर आणलेल्या प्रत्येक माशाला तो त्यातल्या एकाही फटीत टेकू देत नाही. मग त्याला बाहेर काढायला हवं. जाळीला तो सापडत नाही, म्हणून दगड एकेक करून बादलीत काढावे लागतात, वाळूत साचलेलं सगळं वर येतं आणि संध्याकाळी नळी पुन्हा पोपटी होते. एव्हाना किट संपलेलं असेल. नवं आणाल तेव्हा खोक्यावरची मुदतीची तारीख बघत बसू नका, दुकानदाराने ते कधीपासून खिडकीतल्या उन्हात मांडून ठेवलंय हेही विचारू नका, उगाच त्याला वाईट वाटेल.