‘आयलंड्स इन द स्ट्रीम’ खोटं कसं? प्रतिक्रियेला उत्तर

तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की हे गाणं कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या गावाकडचं लोकवळणाचं संगीत, नाहीच, डिस्कोवाल्या बी जीजनी लिहिलेलं पॉप आहे, केनी रॉजर्स आणि डॉली पार्टन ही दोन मोठी नावं लावून विकलं, आणि एकमेकांच्या प्रेमात नसलेल्या दोघांनी गायलेलं प्रेमगीत खोटंच असतं.

बी जीजबद्दल बरोबर आहे. बॅरी, रॉबिन आणि मॉरिस गिब या तिघा भावांनीच लिहिलंय, तेही आधी आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या रिदम अँड ब्लूजच्या अंगाने. पण दोन नावं लावून विकलं हे अजिबात पटलं नाही, कारण आधी ते केनी एकटाच गात होता. तो स्वतः सांगायचा की चार दिवस गाऊन गाऊन शेवटी बॅरीला म्हणालो, मला हे गाणं आता आवडतच नाही, तेव्हा बॅरी म्हणाला आपल्याला डॉली हवी, आणि ती नेमकी त्याच स्टुडिओत होती म्हणून सापडली! यात कसली आलीय मार्केटिंगची आखणी. हेडफोन लावून ऐका ना एकदा, केनीचा तो खरखरीत आवाज एकटाच चाललेला असतो आणि पहिल्याच कडव्यात डॉली येऊन मिळते, दुसरं कडवं तर तीच उचलते, आणि तिथून गाणं वेगळंच होऊन जातं. टेनेसीच्या डोंगरातला तिचा तो हेल कंट्री नाही तर काय आहे?

आता चार्ट. 29 ऑक्टोबर 1983 ला ते बिलबोर्ड हॉट 100 वर, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, एक नंबरला गेलं, दोन आठवडे राहिलं. कंट्रीच्या चार्टवरही एक नंबर होतं, म्हणजे त्या लोकांनी ते आपलंच मानलं की. आणि हा फॉर्म्युला इतका सोपा होता तर पुढचं कंट्री गाणं हॉट 100 वर पहिलं यायला मार्च 2000 का उजाडावं लागलं, लोनस्टार या बँडचं ‘अमेझ्ड’? सोळा वर्षं गेली मधे!

आणि खोटं म्हणालात ते मला खरंच लागलं. ऑक्टोबर 2017 मध्ये नॅशविलला केनीच्या निरोपाच्या कार्यक्रमात दोघं पुन्हा हेच गायले, तो 79 वर्षांचा, आवाज थकलेला, आणि डॉली शेजारी, त्याला सांभाळून घेत. तो व्हिडिओ बघा आणि मग लिहा मला.